जुन्या गाडीचे ब्रेक: लागायला हवेत तसे सुटायलाही

दहा-पंधरा वर्षं जुनी अल्टो, झेन, वॅगन-आर किंवा सँट्रो घ्या. पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी), मागे ड्रम (फिरणारा डबा), आणि बहुतेकींत एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. अशा गाडीचे ब्रेक शिकायला सोपे, कारण सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. तरी गॅरेजमध्ये पॅड (डिस्कवर दाबून घासणाऱ्या पट्ट्या) बदलून आणलेली गाडी दोन महिन्यांत पुन्हा एका बाजूला ओढू लागते, ॲव्हरेज घटतं, एक चाक तापतं. पॅड नवे असतात, पण पॅडला मागे सरकायला वाट नसते. ब्रेकचं पूर्ण काम म्हणजे मुख्यतः सरकणारा प्रत्येक भाग पुन्हा मोकळा करणं. पुढचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. तुम्ही पेडल दाबता तेव्हा तरफेमुळे पायाचा जोर काही पटींनी वाढतो. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमच्या जोरावर त्यात भर घालतो, आणि मास्टर सिलिंडर तो जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलतो. (सगळे ऑइल म्हणतात, पण ते तेल नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.) पुढच्या चाकात हा दाब कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून धरणाऱ्या चिमट्याच्या, पिस्टनला ढकलतो. पिस्टन आतला पॅड डिस्कवर टेकवतो, आणि त्याच्याच उलट्या धक्क्याने पूर्ण कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने आवळतो.

पाय काढल्यावर पिस्टन मागे कोण आणतं? तिथे स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं एक रबरी सील असतं. पिस्टन पुढे गेला की ते पिळलं जातं, दाब संपला की सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे खेचतं. ब्रेक ‘सुटतो’ तो या केसभर अंतराने. पिस्टनवर गंज, पिनांत सुकलेलं ग्रीस किंवा पॅडच्या कानांखाली (दोन्ही टोकांच्या सरकत्या खुंट्यांखाली) चिखल असेल तर एवढीशी ओढ पुरत नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर चार पावसाळे काढलेल्या गाडीत हे हमखास सापडतं.

सामान

पुढच्या पॅडचा चारचा संच, मागच्या शूचा (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानदार पट्ट्यांचा) चारचा संच, शूच्या स्प्रिंगांचा संच, दोन व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारे), कॅलिपरचं सील किट, एक लिटर ब्रेक ऑइल, ब्रेक क्लीनरचे दोन कॅन, पिनांसाठी सिलिकॉन ग्रीस आणि पॅडच्या टेकण्यासाठी उष्णता सोसणारं ब्रेकचं ग्रीस. गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी असेल आणि चाकाकडे ऑइल नेणारे रबरी होज कधी बदलले नसतील तर तेही घ्या, आणि कॅलिपरकडच्या जोडासाठी नवे तांब्याचे वॉशर. होज आतून सुजला की तो झडपेसारखा वागतो: पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही. बाहेरून असा होज ठणठणीत दिसतो.

हत्यारांत सॉकेट आणि रिंग पाने, टॉर्क रेंच, सहा इंची सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, मायक्रोमीटर किंवा निदान व्हर्नियर, निपलवर (ऑइल आणि हवा बाहेर सोडायच्या छोट्या तोटीवर) घट्ट बसणारी पारदर्शक नळी आणि एक बाटली. ब्रेकच्या लोखंडी पाइपांचे नट सोडवायचे असतील तर त्यांच्यासाठी मिळणारा खाच असलेला रिंग पाना आणा. साधा फिक्स पाना त्या नटाचे कोपरे खातो, मग पाइपच बदलावा लागतो.

आणि दोन घोड्या (जॅक स्टँड). जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक घोडीऐवजी वापरू नका, ते सूचना न देता फुटतात. जमीन सपाट आणि टणक हवी. पुढचं काम करताना मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. मागच्या कामाला हँडब्रेक सोडावाच लागतो, तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्या.

पॅड आणि शू नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे, पण उघडायची एका वेळी एकच बाजू. कुठली स्प्रिंग कुठे होती असा प्रश्न पडला की दुसरी बाजू जशीच्या तशी समोर असते. मोबाइलवर फोटो काढाच.

पुढची चाकं

चाक काढून स्टिअरिंग बाहेर वळवा. कॅलिपरच्या मागच्या बाजूला दोन पिनांचे बोल्ट दिसतील. ते काढून कॅलिपर उचला आणि तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. होजवर लोंबकळू देऊ नका.

जुने पॅड टाकण्याआधी नीट पाहा, आजार तेच सांगतात. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा जाड असेल तर कॅलिपर पिनांवर सरकत नाही किंवा पिस्टन मागे जात नाही. पॅड तिरका झिजला असेल तर एक पिन जाम आहे किंवा पॅडचा कान ब्रॅकेटमध्ये (पॅड ज्यात सरकतात त्या लोखंडी चौकटीत) अडकतोय. पॅडवर मसाला (पत्र्यावरचा घासला जाणारा थर) ३ मिमी किंवा त्याहून कमी उरला की बदलायचा. एका कडेला बारीक पत्र्याची जीभ असेल तर ती झीज सांगणारी शिट्टी आहे. जुना जीभवाला पॅड जिथे होता तिथेच नवा बसवा.

डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर ‘मिन’ अशा खुणेसह कोरलेली असते. बाहेरच्या कडेपासून साधारण १ सेमी आत, चार ठिकाणी मोजा. व्हर्नियर कडेवरच्या गंजलेल्या उंचवट्यावर अडकतो आणि जाडी फसवी दाखवतो, म्हणून मायक्रोमीटर बरा. आकडा किमानच्या जवळ आला असेल तर लेथवर साफ करून घेण्यात अर्थ नाही, डिस्क बदला. डिस्कला नटांव्यतिरिक्त दोन आटे पाडलेली भोकं असतील तर त्यांत योग्य मापाचे बोल्ट थोडे थोडे आलटून पालटून आवळले की डिस्क हबवरून सुटते. ८ मिमीचा बोल्ट अनेक गाड्यांत चालतो.

इथे बहुतेक जण एक पायरी गाळतात: हबचा चेहरा. डिस्क ज्या पृष्ठभागावर टेकते तिथला गंज ब्रशने घासून चमकेपर्यंत काढा. मधल्या भागात गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी बाहेरच्या कडेवर डिस्क लटपटते, आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबताना पेडल धडधडायला लागतं. मग लोक म्हणतात नवी डिस्क वाकडी निघाली. नव्या डिस्कवर गंजरोधक तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसा.

आता या कामाचा गाभा: ब्रॅकेट. स्टीलच्या पातळ क्लिपा काढा. त्यांच्याखाली फुगलेला गंज असतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून क्लिप वर उचलली जाते आणि पॅडचा कान पकडते. तारेच्या ब्रशने आणि गरज पडल्यास कानसीने तिथे लोखंड दिसेपर्यंत घासा, नव्या क्लिपा लावा आणि कोरडा पॅड बसवून पाहा. तो बोटाने सरकला पाहिजे. हातोडीने बसवावा लागत असेल तर साफसफाई अपुरी आहे. पॅडचे कान कानसीने घासून भागवू नका.

पिना बाहेर काढा, जुनं ग्रीस पूर्ण पुसा, भोकातलंही. पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर नवी पिन. अनेक कॅलिपरांत एका पिनेवर छोटी रबरी नळी असते. ती पिन ज्या भोकात होती तिथेच जाते, अदलाबदल चालत नाही. सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर पुरे. ठासून भरलं तर आत कोंडलेली हवाच पिनेला बाहेर ढकलते.

ग्रीसचा प्रकार का महत्त्वाचा? ब्रेकमधलं रबर वेगळ्या जातीचं असतं. ते ब्रेक ऑइल सोसतं, पण पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल आणि साधं चासिसचं ग्रीस त्याला सुजवतं. पेट्रोलच्या डबक्यात कॅलिपर बुडवून धुण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. तसा धुतलेला कॅलिपर त्या दिवशी चकाचक दिसतो आणि काही दिवसांत सील फुगून पिस्टन जाम होतो. रबरी भाग धुवायचे ते फक्त ताज्या ब्रेक ऑइलने.

पिस्टन मागे ढकलताना निपलवर नळी लावा, निपल पाव फेरा उघडा आणि सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. कॅलिपरमधलं काळं ऑइल बाटलीत येईल, वर मास्टर सिलिंडरमध्ये जाणार नाही. पिस्टन आत टेकला की आधी निपल बंद, मग क्लॅम्प सैल. निपल जाम असेल तर जोर लावू नका, तो तुटला तर काम दुप्पट होतं. गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी हलके ठोके द्या, मग सहा कोनी रिंग पान्याने प्रयत्न करा.

पिस्टन अडखळत जात असेल तर सील किट घाला. पिस्टन बाहेर काढायला पेडलचा दाब वापरा आणि समोर लाकडी ठोकळा धरा, बोट कधीच नाही. पिस्टनच्या गुळगुळीत भागावर गंजाचे टिपके दिसले की पिस्टनही नवा. पॉलिश पेपरने घासून तो वाचत नाही, कारण वरचा लेप गेलेला असतो.

जुळवताना पॅडच्या मागच्या पत्र्यावर आणि कानांवर ब्रेकचं ग्रीस नखाएवढं. मसाल्याला ग्रीसचं बोटही लागता कामा नये. कॅलिपरचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार आवळा. पिनांचे छोटे बोल्ट आणि ब्रॅकेटचे मोठे बोल्ट यांचे आकडे खूप वेगळे असतात, एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका.

मागचे ड्रम

ड्रम उघडण्याआधी पाहा, तुमची गाडी कुठल्या जातीची. काहींत ड्रम हबवर नुसता बसवलेला असतो. काहींत बेअरिंग ड्रममध्येच असतं आणि मधल्या टोपीखालचा मोठा नट काढल्याशिवाय ड्रम निघत नाही. या दुसऱ्या प्रकारात नटाची कड ठोकून बंद केलेली असते, जोडताना नट नवा लागतो आणि त्याचा टॉर्क मोठा असतो. तो आकडा आणि तेवढा रेंच हाताशी नसेल तर मागचं काम मेकॅनिककडे द्या. बेअरिंगच्या नटात अंदाज चालत नाही.

ड्रम निघत नसेल तर तीन कारणं: हँडब्रेकची केबल ताणलेली आहे, हबवर गंज धरलाय, किंवा आतल्या कडेला झिजेने ओठ तयार होऊन शू त्यात अडकलेत. केबल सैल करा, सोयीची भोकं असतील तर दोन बोल्ट आलटून पालटून आवळा, नटांच्या स्टडमधल्या जागेवर हातोडीने ठोके द्या. ड्रमच्या कडेवर मारू नका, बीड (ओतीव लोखंड) फुटतं.

ड्रममधली भुकटी फुंकायची नाही आणि कंप्रेसरने उडवायची तर मुळीच नाही. जुन्या शूच्या मसाल्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने भिजवा, खाली ट्रे ठेवा आणि ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

व्हील सिलिंडरचं रबरी टोपण नखाने उचला. किंचित ओल चालते, थेंब आला तर सिलिंडर बदलायचा. या वयाच्या गाडीत ड्रम उघडलाच आहे तर दोन्ही सिलिंडर बदलणं शहाणपणाचं, कारण नव्या जाड शूमुळे पिस्टन मागे, अनेक वर्षं न वापरलेल्या गंजक्या भागात जातो आणि जुनं सील तिथे फाटतं. ऑइलने किंवा बेअरिंगच्या ग्रीसने भिजलेला शू धुऊन वापरता येत नाही. मसाला ते पिऊन टाकतो आणि गरम झाल्यावर परत सोडतो.

शू काढताना मधल्या पिनेची टोपी पक्कडीने दाबून पाव फेरा फिरवली की सुटते. पुढचा शू आणि मागचा शू सारखे नसतात: हँडब्रेकची पट्टी साधारण मागच्या शूवर असते. पुढच्या शूला फिरता ड्रम स्वतःच आत ओढून घेतो, म्हणून तो जास्त झिजतो. दोन शूंच्या झिजेत थोडा फरक हा दोष नाही. डाव्या-उजव्या चाकांत मोठा फरक असेल तर मात्र कारण शोधा.

मागच्या पत्र्यावर शू ज्या उंचवट्यांवर सरकतात तिथे खाचा पडल्या असतील तर शू अडकून ‘खट’ आवाज करतो. ते उंचवटे घासून ग्रीसचा ठिपका द्या. शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा ॲडजस्टर साफ करून फिरतो का पाहा. आट्याच्या ॲडजस्टरमध्ये डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. अदलाबदल झाली तर तो शू ड्रमजवळ आणण्याऐवजी दूर नेतो.

ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, तोही मोजा. जुळवल्यावर ड्रम हाताने फिरवताना शूचा किंचित घासल्याचा आवाज यावा, अडकू नये. मग, खाली सांगितल्याप्रमाणे हवा काढून झाल्यावर, पेडल दहा-बारा वेळा दाबा, पण तळाला नेऊ नका. ॲडजस्टर आपोआप अंतर भरून काढेल. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी: बहुतेक गाड्यांत ५ ते ८ ‘खट’मध्ये चाक धरलं पाहिजे. शू संपले म्हणून केबल आवळत राहणं ही चुकीची दुरुस्ती आहे. ताणलेल्या केबलने हँडब्रेकची पट्टी पूर्ण मागे येत नाही, ॲडजस्टर काम थांबवतो आणि पायाचा ब्रेक खोल जातो.

ऑइल बदलणं आणि हवा काढणं

ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, आणि ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ती किमान मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. आंबेनळी किंवा वरंधा घाट उतरताना पुढचे कॅलिपर तापतात, जुनं ऑइल उकळतं आणि वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, म्हणून पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं ते यासाठी. मास्टर सिलिंडरवरच्या ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जो डॉट लिहिला असेल तोच घ्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच आहे. बाटली सीलबंद हवी. मागच्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली वापरू नका.

ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

टाकीतलं काळं ऑइल आधी पिचकारीने काढा आणि नवं भरा. आपल्याकडे उजव्या स्टिअरिंगमुळे मास्टर सिलिंडर उजवीकडे असतो, म्हणून मॅन्युअल वेगळं सांगत नसेल तर दूरच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. नळीचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा. आत बसलेला माणूस ‘दाबलं’ म्हणेल आणि धरून ठेवेल, तुम्ही निपल पाव फेरा उघडाल, पेडल खाली जाईल, तुम्ही निपल बंद करून ‘सोड’ म्हणाल, मगच तो पाय उचलेल. क्रम चुकला की नळीतून हवा परत आत. बुडबुडे थांबून रंग स्वच्छ होईपर्यंत चालू ठेवा. दर सात-आठ दाबांनी टाकी पाहा. ती रिकामी झाली तर मास्टर सिलिंडरमध्ये हवा जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन थोडासाच पुढे जातो, पलीकडे मळ आणि गंज साचलेला असतो. पेडल तळापर्यंत नेलं की सील त्यावरून घासून फाटतात. ‘ऑइल बदललं आणि दुसऱ्या दिवशी पेडल बसायला लागलं’ ही तक्रार अनेकदा इथली असते.

चारही चाकांना मिळून पाऊण ते एक लिटर ऑइल लागतं. निपल हलक्या हाताने बंद करा आणि त्यावर रबरी टोपी लावा. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, बाटलीत भरून जुनं इंजिन ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

गाडी हलवण्याआधी

पिस्टन मागे ढकललेले आहेत, त्यामुळे पहिल्यांदा पाय ठेवला की पेडल थेट तळाला जातं. गाडी सुरू करून मागे घेतली आणि भिंतीवर गेली, असे अपघात याच क्षणी होतात. इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत छोटे छोटे दाब द्या, तळाला नेऊ नका. मग पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक आहे. दगडासारखं राहिलं तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप तपासा. आता अर्धा मिनिट जोरात दाबून ठेवा. पेडल हळूहळू बसत असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल तर मास्टर सिलिंडर गेला आहे, गाडी बाहेर काढू नका.

चाकांचे नट ओळीने एकामागोमाग नव्हे, समोरासमोर आवळा. मारुतीच्या अनेक छोट्या गाड्यांत टॉर्क ८५ न्यूटन-मीटर आहे.

नवे पॅड बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, दोन वेळांमध्ये गाडी थोडी चालू द्या आणि पूर्ण थांबू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर मसाल्याचा ठसा उमटतो आणि पेडल धडधडतं.

घरी परतताना शेवटचा एक किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता या आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, लावू नका. पुढची दोन चाकं एकमेकांइतकी आणि मागची दोन एकमेकांइतकी गरम हवीत. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. ते चाक उचलून हाताने फिरवा. घट्ट असेल तर निपल उघडून पाहा: निपल उघडताच चाक मोकळं झालं तर दाब अडकलाय, म्हणजे होज किंवा मास्टर सिलिंडर. उघडूनही घट्टच राहिलं तर पिना, पिस्टन किंवा ब्रॅकेट, मागच्या चाकात शू आणि हँडब्रेकची केबल.

पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, ऑइलची पातळी पाहा, प्रत्येक जोडाखाली कोरडं फडकं फिरवा, आणि टाकीच्या झाकणावर चिकटपट्टी लावून ऑइल बदलल्याची तारीख लिहा.